अमृत फ्यूजन आणि पॉल जॉन एडिटेड: होळी ते दिवाळी, बाटली तळाला जाईपर्यंतचा अनुभव

सिंगल माल्टबद्दलची, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीबद्दलची, बहुतेक मतं बाटली उघडली त्याच संध्याकाळी, पहिल्या पेगवर ठरून जातात. खंबा अर्धा रिकामा झाल्याशिवाय त्या माल्टबद्दल बोलू नये, असं माझं मत आहे आणि या दोन बाटल्यांनी ते आणखी पक्कं केलं. होळीच्या सुमारास अमृत फ्यूजन आणि पॉल जॉन एडिटेड एकाच आठवड्यात उघडल्या आणि दिवाळीपर्यंत पुरवून प्यायलो. मध्ये पुण्याचा कोरडा उन्हाळा गेला, श्रावण गेला, ऑक्टोबरची तलखी गेली. घर तेच, ग्लास तेच, बाटल्याही त्याच. चव मात्र दोघींचीही बदलत गेली, आणि दोघींची वेगवेगळ्या दिशेने.

हीच जोडी का निवडली, तर दोन्ही भारतीय आहेत आणि दोन्हींची मूळ कल्पना सारखी आहे: बिनधुराची आणि धुरावलेली बार्ली एकत्र आणायची. फ्यूजनमध्ये साधारण तीन भाग उत्तर भारतातली बार्ली आणि एक भाग स्कॉटलंडहून आणलेली, पीटच्या धुरावर वाळवलेली बार्ली. दोन्हींचं मद्य वेगवेगळं गाळतात, वेगवेगळं मुरवतात आणि शेवटी बर्बनच्या, म्हणजे अमेरिकी व्हिस्कीच्या, पिंपांत एकत्र करतात. एडिटेडमध्ये बार्ली भारतीयच असते, स्कॉटलंडहून येतं ते पीट. ज्यांनी पीट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: ती दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेली झाडोऱ्याची माती. वाळवून जाळली की तिचा धूर ओल्या बार्लीत शिरतो आणि गाळून, मुरवून, बाटलीत भरल्यावरही टिकतो. एडिटेडमध्ये हा धुराचा वाटा फ्यूजनपेक्षा कमी आहे.

कल्पना एक असली तरी दोन्हींची गावं वेगळी, आणि सगळा फरक तिथेच पडतो. अमृत बंगळुरूची, समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटरवर मुरलेली. पॉल जॉन दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीची, समुद्राजवळच्या दमट उष्म्यात वाढलेली. पिंपातून मद्य दरवर्षी थोडं थोडं उडतच असतं. स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण साधारण 2 टक्के धरतात, गोव्यात 8 टक्क्यांच्या आसपास, तर बंगळुरूत 10 ते 12 टक्क्यांपर्यंत जातं. शिवाय कोरड्या हवेत पिंपातलं पाणी जास्त उडतं आणि दमट हवेत मद्यार्क (अल्कोहोल). उष्णतेमुळे मद्य लाकडात भराभर शिरतं आणि बाहेर येतं, त्यामुळे रंग, व्हॅनिला, मसाल्याची चव चार-पाच वर्षांतच उतरते. म्हणूनच आपल्या माल्टच्या लेबलवर सहसा वय नसतं. बारा वर्षांच्या स्कॉचशी वर्षं मोजून तुलना करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. इथे बारा वर्षं ठेवलं तर पिंपात उरेल किती? अमृतने 2013 साली आठ वर्षांची 'ग्रीडी एंजल्स' काढली, तेव्हा एवढ्या वयाची भारतीय माल्ट हीच मोठी बातमी होती.

आता बाटल्यांकडे येतो.

फ्यूजन 50 टक्के मद्यार्काची आहे. आपल्याकडची नेहमीची व्हिस्की 42.8 टक्के असते, त्यामुळे सवय नसलेल्याला पहिला घोट जोरात लागतो. पहिल्या दोन आठवड्यांत मला तिच्यात मुख्यतः व्हॅनिला, भाजलेली बार्ली आणि संत्र्याची साल मिळाली. धूर होता, पण मागे, दाराआड उभा असल्यासारखा. बाटली खांद्याखाली उतरली, आत हवा शिरली, तसा धूर पुढे आला. मेच्या अखेरीस तर घोट गिळल्यावर तोंडात कडसर चॉकलेट आणि कोळशाची राख असं दोन्ही मागे राहायला लागलं आणि ते कितीतरी वेळ जाईना. उघडल्या दिवशी मी तिला नुसती चांगली म्हटलं असतं. अर्ध्या बाटलीला मात्र ती माझ्या कपाटातली सर्वांत आवडती झाली होती.

एडिटेड 46 टक्क्यांची, पहिल्याच दिवसापासून मोकळी. मध, कॉफी, काहीतरी हिरवं पुदिन्यासारखं, आणि धूर इतका हलका की धुरावलेल्या व्हिस्कीला नाक मुरडणारेही दुसरा पेग मागतात. आमच्या माल्ट पिणाऱ्या मित्रांच्या बैठकीत एकाला लेबल न दाखवता दिली, तर तो तिला स्कॉटिश हायलँडची समजला. हवा लागत गेली तशी कॉफी वाढली, मध कमी झाला, आणि तळाच्या पावभागात धूर जवळपास विरून गेला. माझा सल्ला असा की एडिटेड उघडली की दोन-तीन महिन्यांत संपवा. फ्यूजनला घाई नाही, ती सहा महिन्यांनीही उभी राहते. यात एडिटेडला कमी लेखायचं नाही. तिचा नाजूकपणाच तिचा गुण आहे, तो ताजा असताना घ्यावा एवढंच.

पाणी घालावं की नाही यावर आमच्यात अजून वाद होतात. मी पाण्याच्या बाजूचा आहे, पण मोजून. 2017 साली स्वीडनच्या लिनीयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं की धुराचा वास देणारा ग्वायाकोल हा रेणू, व्हिस्कीतला मद्यार्क 45 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर पृष्ठभागाजवळ राहतो, आणि व्हिस्की त्याहून बरीच कडक असेल तर आत दडतो. फ्यूजन 50 वरून 45 वर आणायची तर 60 मिलीच्या पेगला साडेसहा मिली पाणी लागतं, म्हणजे चहाचा सव्वा चमचा. करून बघा. एक ग्लास नुसता, एक असा, शेजारी शेजारी ठेवा. धूर आणि संत्रं वर आलेलं लगेच कळतं. एडिटेड आधीच त्या पातळीला आहे, तिला दोन थेंब पुरे.

पाणी कुठलं हाही प्रश्न आहे. माठातलं नको. पिण्याच्या पाण्याला माठाचा जो मातकट वास छान वाटतो, तो इथे पीटमध्ये मिसळतो आणि व्हिस्कीचं काय, माठाचं काय हे कळेनासं होतं. फिल्टरचं साधं पाणी घ्या. आणि पाणी किंवा बर्फ घातल्यावर ग्लासात किंचित धुरकट ढग दिसला तर बिघडली म्हणून ओतू नका. या दोन्ही थंड करून गाळलेल्या नसतात, त्यातले तेलकट घटक तसेच ठेवलेले असतात. मद्यार्क उतरला की ते दिसायला लागतात. जिभेवर जी साय धरल्यासारखी जाडी जाणवते ती त्यांचीच. दोन्हींत वरून रंगही घातलेला नाही.

उन्हाळ्याची अडचण खरी आहे. खोली 33-34 अंशांवर असली की ग्लासातून नाकात आधी मद्यार्कच शिरतो. सोडा आणि बर्फाने ती अडचण जाते, पण सोबत चवही जाते. त्यापेक्षा रिकामा ग्लास दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, व्हिस्की नाही. ग्लेनकेर्नसारखा तोंडाशी निमुळता ग्लास असेल तर उत्तम, नसेल तर वाइनचा छोटा ग्लासही चालतो. जाड बुडाच्या रुंद पेल्यात मात्र या दोघींचा वास हाती लागत नाही. पावसाळ्यात सगळंच सोपं होतं. श्रावणातल्या संध्याकाळी हवा जड असते, वास खाली राहतो, आणि फ्यूजनचा धूर तेव्हा जसा जाणवला तसा इतर कधीच जाणवला नाही.

एक गोष्ट जरूर करा: प्यायलेला ग्लास रात्री धुऊ नका. सकाळी त्याच्या तळाशी वाळलेला पिवळसर थर असतो, तो हुंगा. मद्यार्क उडून गेलेला असतो आणि लाकूड व बार्लीचा उरलेला अर्क तेवढा राहतो. फ्यूजनच्या ग्लासात मला सकाळी काकवी आणि विझलेल्या शेगडीचा वास आला. एडिटेडच्या ग्लासात कोरडी कॉफीपूड आणि जुन्या लाकडी पेटीचा. पिताना न कळलेलं इथे कळतं, आणि घरच्या न पिणाऱ्या मंडळींनाही यात भाग घेता येतो.

चकण्याबद्दल मी आग्रही आहे. शेव, चिवडा, मसाला पापड यांनी जीभ भाजली की माल्टवर खर्च केलेले पैसे वाया. खारे काजू, भाजलेले बदाम, कडसर चॉकलेट एवढंच सुरुवातीला. निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील मिळाला तर फ्यूजनसोबत खाऊन बघा, धुराला धूर भेटतो. मटण सुक्क्यापुढेही फ्यूजनच टिकते, तिच्या 50 टक्क्यांत तेवढा जोर आहे. एडिटेड जेवणाआधीची.

आमच्यातल्या काहींचा कल जमवण्याकडे आहे. मर्यादित संख्येच्या बाटल्या येतात, पॉल जॉनची राशींच्या नावांची 'कन्या', 'मिथुन' वगैरे, आणि लोक दोन-दोन घेऊन एकही उघडत नाहीत. मला हे पटत नाही, पण जमवायच्याच असतील तर आपल्या हवेत त्या सांभाळायलाही शिका. बाटली कायम उभी ठेवा, वाइनसारखी आडवी नको. इतक्या कडक मद्यात बूच भिजत राहिलं तर ते झिजतं. एका मित्राकडची जुनी बाटली उघडताना बूच मधोमध तुटलं आणि चहाच्या गाळणीतून ती दुसऱ्या बाटलीत ओतावी लागली. ऊन लागू देऊ नका. पावसाळ्यात लेबलला बुरशी धरते आणि कागदाला कसर लागते, म्हणून खोक्यासकट, कोरड्या कपाटात ठेवा. उघडलेली बाटली पावभागावर आली की उरलेली छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे हवेला जागा उरत नाही. आम्ही 30 मिलीच्या बाटल्यांत नमुने भरून एकमेकांना देतो. एकाच पगारात चार माल्ट समजून घ्यायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

फ्यूजनचा बॅच नंबर लेबलवर पाहून लिहून ठेवा. दोन बॅचमध्ये फरक असतो, आणि असायलाच हवा. पिंपात निसर्ग काम करतो, ते दरवेळी सारखं कसं होईल?

दुकानदारांबद्दल एक तक्रार आहे, आणि ती शहरातल्या अनेक दुकानांना लागू पडते. भारतीय माल्ट मागितली की आधी समोर येते ती परदेशी बाटली. ज्या अमृतची सिंगल माल्ट 2004 साली थेट ग्लासगोत, स्कॉच पिणाऱ्यांच्या दारात बाजारात आली, ज्या फ्यूजनला 2010 साली ब्रिटिश समीक्षक जिम मरे यांनी 100 पैकी 97 गुण देऊन जगात तिसरी ठरवलं, ती मागच्या फळीवर धूळ खात असते. पॉल जॉनही 2012 साली आधी लंडनमध्येच दाखल झाली. परदेशाने दाद दिल्यावर आपण वळून पाहायचं, हे बदलायला हवं, आणि ते ग्राहकाने मागणी केल्याशिवाय बदलणार नाही. दुकानात नावाने मागा. नसेल तर मागवून द्या म्हणा. मी तेच करतो आणि आता माझ्या नेहमीच्या दुकानात दोन्ही मिळतात.

किमती राज्याराज्यात वेगळ्या, त्यामुळे आकडा देत नाही. गोव्यात स्वस्त पडतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण परवान्याशिवाय तिथली बाटली महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते. गोव्यात गेलात तर तिथेच, शांतपणे, एक पेग घ्या आणि मग आपल्या शहरात विकत घ्या. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट 25 आहे आणि परमिट लागतं, ते ज्यांनी अजून काढलेलं नाही त्यांनी काढून घ्यावं.

सिंगल माल्टची सुरुवात करणाऱ्याला मी एडिटेड सुचवेन. धुराची ओळख तिच्यातून हळुवारपणे होते. ज्याने चार-सहा माल्ट घेतल्या आहेत, ज्याला बाटलीसोबत महिनोन्महिने राहायला आवडतं, त्याने फ्यूजन घ्यावी. माझ्या कपाटात फ्यूजनची दुसरी बाटली आलेली आहे. एडिटेडच्या जागी या वेळी पॉल जॉनचीच 'बोल्ड' आणली आहे. तीही 46 टक्क्यांचीच, पण धुराला मोकळं रान दिलेली. संक्रांतीला दोन्ही एकत्र उघडायच्या असं ठरलंय.