सॅलिफर्ट फ्लॅटवर्म एक्झिट: काम चोख, पण शेवाळासाठी घेऊ नका

खाऱ्या पाण्याच्या रीफ टँकमध्ये (कोरल ठेवलेल्या मत्स्यटाकीत) काचेवर, खडकावर गंजाच्या रंगाचे तीन-चार मिलिमीटरचे चपटे ठिपके सरकताना दिसले आणि मागच्या बाजूला शेपटीची बारीक टोकं असली तर समजा रेड फ्लॅटवर्म (लाल चपटे किडे) आलेत. माझ्याकडे झोआच्या (एक प्रकारचं कोरल) फ्रॅगबरोबर, म्हणजे तुकड्याबरोबर आले, दुकानदार म्हणे काही नाही हो, आपोआप जातात. जातात कसले डोंबल! यांच्या अंगातच सूक्ष्म शेवाळ असतं, म्हणजे लाइट हेच यांचं जेवण, त्यामुळे जिथे उजेड जास्त नि पाण्याचा फ्लो कमी तिथे ही गर्दी, आणि खालच्या कोरलला उजेडच मिळेना. हे किडे खाईल म्हणून सिक्सलाइन रॅस मासा आणला, पण साहेबांना फ्रोझन मायसिस (गोठवलेली बारीक कोळंबी) मिळत असताना किडे कशाला खातील.

मग फ्लॅटवर्म एक्झिट हे औषध मागवलं. बाटली एवढीशी, किंमत बघून जरा जीवावर येतं, पण मारतं मात्र खरंच. आधी ग्लासभर टँकचं पाणी घेतलं, त्यात चार किडे सोडले, एक थेंब टाकला, थोड्या वेळात आक्रसून तळाला. टँकमध्येही तसंच, डोस पडल्यावर खडक सोडून सुटायला लागले आणि सगळं पाणी मिरचीचे फ्लेक्स उधळल्यासारखं.

आता खरी मेख. हे किडे मरताना विष सोडतात, मासे मरतात ते बहुतेक त्याने, औषधाने नाही. म्हणून डोसच्या आधी एअरलाइनच्या नळीने रोज जमतील तेवढे ओढून काढायचे, टोकाला फिल्टर सॉक लावायचा म्हणजे पाणी परत वापरता येतं. डोसचा हिशोब खडक-वाळू वजा करून उरलेल्या पाण्यावर करायचा. फिल्टरमधला कार्बन (औषध नि विष शोषणारा कोळसा) आधी काढून ठेवायचा, काम झालं की ताजा भरपूर घालायचा, आणि पाणी बदलायला मीठ मिसळलेलं पाणी १.०२५ विशिष्ट गुरुत्वाला, टँकच्याच टेंपरेचरला तयार पाहिजे, मासे धापा टाकायला लागल्यावर बादली शोधत बसू नका. उरलेसुरले परत वाढतात म्हणून काही दिवसांनी दुसरी फेरी केली.

आणि एक्झिटने हेअर अल्गी (केसांसारखं हिरवं शेवाळ) जाईल का असं विचारणाऱ्यांना, अजिबात नाही. उलट मेलेले किडे आत सडले तर नायट्रेट-फॉस्फेट वाढून ती जास्तच माजेल. तिच्यासाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्यवालं आरओ-डीआय फिल्टरचं पाणी, खाणं कमी, हाताने उपटणं आणि टर्बो गोगलगायी, दुसरा शॉर्टकट मला तरी दिसला नाही. फॉस्फेट पार शून्यावर नेऊ नका, डायनो (डायनोफ्लॅजेलेट, चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) आले तर हेअर अल्गी बरी म्हणाल. पिसासारखी दिसणारी ब्रायोप्सिस शेवाळ असेल तर गोष्ट वेगळी, तिच्यावर फ्लुकोनाझोल चालतं, हो तेच, माणसांना फंगल इन्फेक्शनला देतात ते. लिटरला साधारण ५ मिग्रॅ, दोन आठवडे कार्बन बंद, आणि धीर धरायचा, पहिले काही दिवस काहीच होत नाही असं वाटतं.

ब्रिसल वर्म (अंगावर बारीक काटे असलेले लांबट किडे) दिसले म्हणून ही एक्झिटची बाटली घेत असाल तर पैसे वाचवा. ते उरलेलं अन्न खाऊन साफसफाईच करतात, खाणं कमी केलं की आपोआप घटतात. फक्त उघड्या हाताने धरू नका, काटे बोटात घुसले की दोन दिवस चुरचुरतं.