शॉक की मार?

धुळ्यात एम.फार्म. करणारा भाचा विचारतो, "मामा, व्यसनाच्या प्रयोगात उंदराला ताण द्यायला शॉक बरा की मारामारी?"

शॉक सोपा. करंट मोजता येतो, वेळ ठरवता येते. १९९५ मध्ये शहाम आणि स्ट्युअर्ट या संशोधकांनी दाखवलं, की पिंजऱ्यातली कळ (बटण) दाबून हेरॉइन घेणारा उंदीर हेरॉइन बंद केल्यावर ती दाबणं सोडतो, पण शॉकनंतर पुन्हा दाबू लागतो. पण सावद्याच्या केळीच्या गोदामात उंदरांना शॉक कोण देतं? ते भांडतात!

मारामारीच्या प्रयोगात उंदराला दांडग्या नराच्या पिंजऱ्यात सोडतात. हरला की उताणा पडतो. गंमत म्हणजे अधूनमधून मार खाल्लेला कोकेन जास्त घेतो, आठवडेच्या आठवडे दहशतीत राहिलेला मात्र कमी. माझं मत मारामारीला. मादीवर मात्र ही पद्धत सहज जमत नाही.