स्थिर ‘क’ जीवनसत्त्वाच्या नावाखाली विकलेली साधी पावडर

निफाड तालुक्यातील आमच्या शेततळ्यात पंगास माशाची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडल्यानंतर खाद्यात मिसळण्यासाठी आम्ही जी ‘क’ जीवनसत्त्वाची पावडर घेतली, तिच्या विक्रीत आमची फसवणूक झाली. तोच माल सिन्नर आणि येवल्याकडेही फिरत असल्याचे कानावर आल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

पंगाससारख्या माशांच्या शरीरात हे जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाद्यातूनच मिळावे लागते. ते कमी पडले की हाडे-कातडीला बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन नीट बनत नाही आणि वाढत्या पिल्लांचा कणा वाकतो, कल्ल्यावरचे झाकण आखूड राहते, जखमा भरत नाहीत. साधे ॲस्कॉर्बिक आम्ल उष्णता, ओलावा आणि हवा लागून लवकर नष्ट होते, उरलेलेही दाणे पाण्यात पडताच विरघळून जाते. म्हणून मत्स्यखाद्यात फॉस्फेट जोडलेले स्थिर रूप वापरतात, आणि ते बरेच महाग असते.

विक्रेत्याने याच स्थिर रूपाचा भाव लावला. खात्री पटावी म्हणून त्याने ग्लासभर पाण्यात जखमेवर लावायच्या आयोडीनचे थेंब टाकले आणि वर चिमूटभर पावडर सोडली. तपकिरी पाणी क्षणात पांढरे स्वच्छ झाले. “बघा दादा, माल किती कडक आहे ते,” असे तो म्हणाला, आणि जमलेल्या सगळ्यांनी पुड्या उचलल्या.

खरी गोम याच प्रयोगात आहे. आयोडीनचा रंग साधे ॲस्कॉर्बिक आम्ल घालवते. फॉस्फेट जोडलेल्या रूपाचा जो भाग आयोडीनवर काम करतो तोच बांधलेला असतो आणि माशाच्या आतड्यात गेल्यावर सुटतो, त्यामुळे ते रूप रंग असा झटक्यात घालवत नाही. म्हणजे ज्या प्रयोगाने आम्हाला भुलवले, तोच पुडीतला माल स्वस्तातला असल्याचे सांगत होता. त्यातच पावडर पाण्यात कालवून खाद्यावर शिंपडा आणि ताडपत्रीवर उन्हात वाळवा, असा सल्ला त्यानेच दिला. तिथेच तिचा बहुतांश गुण गेला असणार.

पुढे जाळे ओढले तेव्हा कित्येक बोटुकल्यांची पाठ शेपटीच्या अलीकडे कोयत्यासारखी वळलेली दिसली. कणा वाकण्याला कीटकनाशकासारखी दुसरीही कारणे असतात, म्हणून शिल्लक सीलबंद पुडी प्रयोगशाळेत तपासून घेतली. तीत फॉस्फेटयुक्त रूप आढळले नाही. वाकलेला कणा पुन्हा सरळ होत नाही आणि असे मासे व्यापारी घेत नाही.

खरेदीपूर्वी वेष्टनावर रूपाचे पूर्ण नाव, त्यातील प्रत्यक्ष ‘क’ जीवनसत्त्वाची टक्केवारी (बाजारातील फॉस्फेट रूपात ती बहुधा ३५ असते), बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख पाहावी व त्याच बॅचचा तपासणी अहवाल मागावा. आमच्या पावतीवर नुसते ‘मत्स्यखाद्य पूरक’ असे लिहिले होते, त्यामुळे स्थिर रूपाचे पैसे घेतल्याचे दाखवणे आता अवघड जात आहे. मालाचे नाव पावतीवर जसेच्या तसे लिहून घ्यावे, एक पुडी न फोडता जपून ठेवावी, आणि शंका आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.