जिनिंगमधलं पीएलसी पॅनल: पूर्ण हंगाम चालवल्यावर

आमची जिनिंग पांढरकवड्याच्या बाजूला. १२ डबल रोलर जिन (कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणारी मशीन), प्रेस नाही, गाठी दुसरीकडे बांधून घेतो. मागच्या दसऱ्याला मोटर सुरू करायचे जुने स्टार-डेल्टा स्टार्टर काढून पीएलसी पॅनल बसवलं. पीएलसी म्हणजे ठरवून दिलेल्या प्रोग्रामप्रमाणे मशीन चालू-बंद करणारा छोटा कॉम्प्युटर. सोबत सक्शन फॅनला ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र), टचस्क्रीन, कपॅसिटरचं ऑटो पॅनल. वायरिंगसकट ११ लाखांच्या घरात गेलं. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं. बरं झालं थांबलो.

सगळ्यात आधी इंटरलॉकचं, म्हणजे मशीन क्रमानेच सुरू करणाऱ्या आणि एक थांबलं की बाकीची थांबवणाऱ्या जोडणीचं सांगतो, कारण विकणारा त्यावर दोन मिनिटंही बोलला नव्हता. त्याचं सगळं लक्ष स्क्रीनवर. जिनिंगमध्ये मशीन सुरू करायचं ते शेवटाकडून. आधी रुईचा आणि सरकीचा कन्व्हेअर, मग जिन, सगळ्यात शेवटी कापूस ओढणारा फॅन. पूर्वी लाइन जाऊन आली की एक पोरगा स्टार्टरमागून स्टार्टर दाबत पळायचा, आणि घाईत क्रम चुकायचा. आता एक बटण. पण खरी परीक्षा झाली जानेवारीत. रात्री दीडच्या सुमारास रुईच्या कन्व्हेअरची चावी (शाफ्टला फिरवणारी लोखंडी खुंटी) तुटली. मोटर फिरत होती, शाफ्ट थांबलेला. मोटरचा अँपिअर बघणाऱ्या रिलेला यातलं काही कळत नाही, उलट लोड हलका दिसतो. शाफ्टवर बसवलेल्या झीरो स्पीड स्विचने मात्र बाराही जिन बंद केले. तीन वर्षांपूर्वी असंच झालं होतं तेव्हा रुई साचून पट्ट्याला घासत राहिली, धूर निघाला आणि टाकीचं पाणी संपेपर्यंत आम्ही विझवत होतो. त्या एका रात्रीत माझे निम्मे पैसे वसूल झाले, असं मी धरतो.

सक्शन फॅनच्या ड्राइव्हचं गणित सरळ आहे. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने बदलते, त्यामुळे वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते. इंजिनिअरने नोव्हेंबरात ४० हर्ट्झ (पूर्ण वेग म्हणजे ५०) लावून दिले आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाचा ओला कापूस पाइपात बसला. आमचे मिस्त्री काका पाइपाला कान लावून म्हणाले, "मालक, कापूस अडकला हे मले ऐकू येते, तुमच्या डब्याले काहून नाही येत?" शेवटी दोन सेटिंग ठेवली. सकाळी ४८, ऊन चढलं की ४२. डिसेंबरनंतर कापूस सुकला तेव्हा कुठे बचत दिसायला लागली. फरदडीचा (शेवटच्या वेचणीनंतर ठेवलेल्या पिकाचा) कवडी-कचऱ्याचा माल आला की पुन्हा वेग वाढवावा लागला, तो भाग वेगळा.

आता दुखणी. आमचं बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली कामाला लागणारी वीज किती) घसरला की युनिटच फुगतात. तो सावरायला कपॅसिटर हवेतच. पण ड्राइव्हमुळे लाइनमध्ये हार्मोनिक्स (विजेच्या लहरीतला बिघाड) येतात आणि साध्या कपॅसिटरला ते सोसत नाहीत. फेब्रुवारीत दोन कपॅसिटर पुरीसारखे फुगले. त्यांच्यासोबत हार्मोनिक्स अडवणारे ७ टक्क्यांचे रिॲक्टर (तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइल) लावायला हवे होते. कोटेशनमध्ये ते नव्हते, मलाही विचारायचं सुचलं नाही. नंतर वेगळे पैसे मोजून लावले.

दुसरं दुखणं रुईच्या धुळीचं. पॅनलच्या पंख्याची जाळी रोज गोधडीसारखी भरते. बहुतेक ड्राइव्ह पूर्ण क्षमतेने ४० अंशांपर्यंतच चालतात. आपल्याकडे मार्चच्या शेवटी बाहेरच तेवढं असतं, पॅनलच्या पेटीत किती होत असेल ते सांगायला नको. दुपारी दोन वाजले की ड्राइव्ह ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, रोज, जणू जेवायची सुट्टी. पॅनल जिनच्या हॉलमध्ये उभं करायला मीच हो म्हटलं होतं, केबल वाचते म्हणून. केबल वाचली, दुपारी गेल्या.

जिनमध्ये कापूस सोडणाऱ्या फीडरवरचे फोटो सेन्सर (उजेडाच्या किरणाने पातळी बघणारे) तर कामाचेच नाहीत. काचेवर तासाभरात रुई बसते आणि त्यांना फीडर कायम भरलेलाच दिसतो. लोखंड ओळखणारे प्रॉक्सिमिटी सेन्सर एकदाही बिघडले नाहीत. उंदरांनी सरकीच्या बाजूच्या दोन केबल कुरतडल्या, आता त्या जीआय पाइपातून नेल्या आहेत. आणि अर्थिंग! काळ्या मातीला एप्रिलात हातभर भेगा पडतात, खड्डा कोरडा होतो आणि स्क्रीनचा पीएलसीशी संपर्क तुटायला लागतो. एक दिवस वैतागून पोऱ्याने अर्थिंगच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं, तर संध्याकाळपर्यंत एकही अडथळा नाही. मग पीएलसीसाठी वेगळा खड्डा काढला आणि पाण्याची पाळी लावून दिली.

राग मात्र एकाच गोष्टीचा आहे. पॅनल बनवणाऱ्याने प्रोग्रामला पासवर्ड टाकलाय आणि त्याची प्रत दिली नाही. मार्चमध्ये एक टायमर पाच सेकंदांवरून आठवर न्यायचा होता, बस एवढंच. त्यासाठी चार दिवस फोन, मग गाडीभाडं, मग व्हिजिटचे पैसे. गेटबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या आणि शेतकरी मला विचारतो, "भाऊ, काटा कवा करता?" वायरिंगचा नकाशा मिळाला, तोही आधीच्या कुठल्यातरी ग्राहकाचा, त्यात आमच्याकडे नसलेला ह्युमिडिफायर होता. तुम्ही घेत असाल तर शेवटचा हप्ता प्रोग्रामची प्रत, पासवर्ड आणि खरा नकाशा हातात पडेपर्यंत देऊ नका. मी दिवाळीच्या गडबडीत देऊन बसलो.

मिस्त्री काका अजूनही सकाळी आधी पाइपाला हात लावतात, मग स्क्रीन बघतात. मीही तेच करायला लागलोय. पोळा झाला की पॅनलसाठी वेगळी बंद खोली बांधायला घेणार आहे, आत गाळलेली हवा ढकलणारा पंखा लावून, म्हणजे धूळ शिरणार नाही. फीडरची पातळी बघायला फोटो सेन्सरऐवजी जिनच्या मोटरचा अँपिअर धरून कोणी फीड चालवत असेल, तर ओल्या कापसाला सेटिंग किती ठेवता ते लिहा.