सत्तरीपुढच्या वडिलांसाठी मेडिक्लेम का वय वंदना कार्ड?

वय वंदना म्हणजे आयुष्मान भारत योजनेतलं ज्येष्ठांसाठीचं सरकारी कार्ड. आमच्या घरात दोन्ही वापरून झालंय म्हणून सांगतो, तुमचं गणित वेगळं असू शकतं.

2022 ला आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, कॅशलेस होतं म्हणून निवांत होतो. पॉलिसी तीन लाखाची, रूमची लिमिट एक टक्का म्हणजे दिवसाला 3,000, आणि मिळाली 4,500 ची रूम, म्हटलं वरचे दीड हजार आपण भरू. डिस्चार्जच्या दिवशी कळलं की तसं नसतंय, रूम लिमिटच्या वर गेली की त्याच हिशोबात डॉक्टरांची फी, ओटी चार्ज सगळ्यालाच कात्री, तिसरा हिस्सा आमच्या अंगावर. आई साडी बदलून पिशवी मांडीवर घेऊन बसलेली आणि मी काउंटरपाशी उभा राहून भावाला फोन लावायलोय. ते अजून डोक्यातनं जात नाही.

आता नियम बरेच सुधारलेत हे खरं, डिस्चार्जची मंजुरी विमा कंपनीनं तीन तासात द्यायची, जुने आजार पॉलिसीत धरायचं वेटिंग चारवरनं जास्तीत जास्त तीन वर्षं, सप्टेंबर 2025 पासून प्रीमियमवरचा 18 टक्के जीएसटी गेला. पण रूमची कात्री पॉलिसीत लिहिलेली असंल तर ती आहेच.

वय वंदना ऑक्टोबर 2024 ला आलं, सत्तरीपुढं कुणालाबी, उत्पन्न बघत नाहीत, वर्षाला पाच लाख, जुना आजार पहिल्या दिवसापासनं धरतात. वडिलांचा जन्म यंत्रमागावर गेला, बोटांचे ठसे घासलेत, मशीन घेईचना, शेवटी चेहरा स्कॅन करून कार्ड निघालं. त्रास इथंबी झाला. वडिलांच्या प्रोस्टेटसाठी गेलो तर पहिल्या हॉस्पिटलात म्हणाले योजना आहे पण प्रोस्टेटला नाही, दुसरीकडं आरोग्यमित्रानं, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या माणसानं, कागद घेतले, मंजुरीला दोन दिवस गेले. जनरल वॉर्ड, शेजारी पाच पेशंट, रात्री झोप नाही. ओपीडी आणि रोजच्या गोळ्या यात नाहीत, ते खिशातनंच. पण घरी निघताना कुणी बिल पुढं केलं नाही, उलट पंधरा दिवसांची औषधं पॅकेजमधलीच मिळाली, आणि वडील रिक्षात बसेपर्यंत दोनदा विचारत होते, पैसे किती भरलास रे.

स्वतंत्र रूम आणि ठरलेलाच डॉक्टर पाहिजे असंल तर मेडिक्लेमच घ्या, फक्त रूम लिमिट नसलेली बघून घ्या. आई 67 ची आहे, तिला महात्मा फुले योजना लागू आहे तरी नेहमीच्याच डॉक्टरकडं जायचं म्हणते, म्हणून तिची पॉलिसी चालू ठेवलीय, थोडा जास्त प्रीमियम भरून रूमची लिमिट काढून घेतली. सत्तर झाली की तिचंबी कार्ड काढणार.