मारहाण की मुडदूस? लहानग्यांच्या अस्थींचे दोन अर्थ

पुरातत्त्वीय उत्खननात मिळालेल्या बालकाच्या सांगाड्यावर मोडून जुळलेली हाडे दिसली, तर त्यांचा अर्थ मारहाण असा लावायचा की आजार असा, हा प्रश्न अतिशय जबाबदारीने सोडवावा लागतो.

मुडदुसात, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मुलांची हाडे मऊ होण्याच्या आजारात, बदल सांगाड्यात सर्वत्र पसरलेला असतो: पायांची हाडे वाकतात, वाढीची टोके रुंदावून खडबडीत होतात आणि बरगड्यांच्या पुढच्या टोकांना गाठी येतात. अशी मऊ हाडे किरकोळ आघातानेही मोडू शकतात. मारहाणीत मात्र हाडांची मूळ घडण बहुधा निरोगी असते; छाती जोराने आवळल्याने बरगड्या पाठीच्या कण्याजवळ मोडतात, आणि मुख्य म्हणजे काही जखमा ताज्या, तर काही भरत आलेल्या असतात. लांब हाडांच्या अशा अस्थिभंगांचा कवटीखालील रक्तस्रावाशी असलेला संबंध क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी 1946 मध्ये मांडला.

इजिप्तच्या दाखला मरूद्यानातील केलिस येथे, रोमन काळातील दफनभूमीत, दोन-तीन वर्षांच्या एका बालकाच्या दंडांवर, बरगड्यांवर व अन्यत्र बरे होण्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवरचे अस्थिभंग आढळले. संशोधकांनी क्ष-किरण, सूक्ष्मदर्शक आणि समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) अशा तिन्ही मार्गांनी तपासणी केली आणि 2013 मध्ये मारहाणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. मला तो पटतो, कारण एकाच पडण्याने वेगवेगळ्या वयाच्या जखमा होत नाहीत. मात्र जखम भरताना हाडावर नवे थर चढतात, तसे ते तान्ह्या बाळांच्या निकोप वाढीतही चढतात. केवळ त्यांच्या आधारे कोणत्याही आईबापांवर आरोप ठेवणे अन्यायाचे ठरेल.