तीन ओळींचा कागद: आठ महिने वापरून

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, सेटर आहे. मशीन जुळवायचं आणि पीस मोजायचा हे माझं काम. मानसोपचार हा माझा प्रांत नाही. पण मुलीसाठी आठ महिने जी पद्धत वापरतोय, तिच्याबद्दल मला मराठीत काही वाचायला मिळालं नाही, म्हणून लिहितोय.

मुलगी १६ वर्षांची, अकरावीला. कॉलेजला जाणं हळूहळू बंदच झालं. घरात प्रत्येकाचं निदान तयार होतं. मी म्हणालो मोबाइल, तिची आई म्हणाली अभ्यासाचं टेन्शन आणि सिन्नरहून आलेल्या आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. पहिल्या दवाखान्यात पाच मिनिटांत गोळ्या लिहून मिळाल्या. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या ठिकाणी समुपदेशक मॅडमनी आधी तिच्या हातात कोरा कागद दिला. सध्या सगळ्यात जास्त छळणाऱ्या तीन गोष्टी लिही, तुझ्याच शब्दांत. प्रत्येकीपुढे ० ते १० मधला आकडा. दर आठवड्याला त्याच ओळी, नवे आकडे. बाहेर बसलेल्या आम्हा दोघांनाही असाच कागद मिळाला. आम्ही लिहिलं मोबाइल, अभ्यास, उलटं बोलणं. तिने लिहिलं: 'बसमध्ये चढताना पोटात गोळा येतो', 'मैत्रिणींच्या मेसेजला उत्तर देववत नाही', 'तीन वाजेपर्यंत झोप नाही'. एकही ओळ जुळेना. मॅडमना नवल वाटलं नाही. २००१ च्या एका अमेरिकन अभ्यासात निम्म्याहून जास्त घरांत आईबाप आणि मूल एकाही अडचणीवर एकमत नव्हते म्हणे.

ही पद्धत मॅडमची स्वतःची नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वाइझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०११ मध्ये मांडली. आपल्याकडे मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगत' संस्थेने दिल्लीतल्या सरकारी शाळांत २५१ मुलांवर समुपदेशनाचा जो प्रयोग केला, त्यातही हेच मोजमाप होतं. २०२० मध्ये त्याचे निकाल आले. सहा आठवड्यांनी मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी कमी झाल्या, पण लक्षणांच्या प्रश्नावलीत तेवढा फरक दिसला नाही. म्हणजे कुठल्या पट्टीने मोजता यावर बरंच अवलंबून. हे मला लगेच पटलं, धंदाच तो आहे.

आमच्याकडे दोन्ही पट्ट्या होत्या. कागदाशिवाय दर पंधरा दिवसांनी नैराश्य मोजणारा नऊ प्रश्नांचा फॉर्म, २७ पैकी गुण, जास्त म्हणजे वाईट. सुरुवातीला १७. दीड महिना मनातले विचार वहीत लिहून तपासायचा सराव झाला. हा सीबीटी नावाच्या बोलण्यातून होणाऱ्या उपचाराचा भाग. १७ चे १५ झाले, पण बसची ओळ ८ वरून हलेना. मॅडमनी वही बाजूला ठेवली आणि पायऱ्या ठरवल्या. आधी इंदिरानगरच्या स्टॉपवर नुसतं उभं राहून दोन सिटीलिंक बस जाऊ द्यायच्या. मग एक स्टॉप जाऊन उतरायचं. मग सीबीएस, म्हणजे मुख्य बसस्थानक. कॉलेज रोडपर्यंत पोचायला दोन महिने लागले आणि आकडा ३ वर आला.

औषधाचा विषय तिसऱ्या महिन्यात निघाला, कारण फॉर्मचे गुण १४ वर अडकले होते. डॉक्टरांनी टॅड्स या २००४ मधल्या अमेरिकन चाचणीचे आकडे लिहून दाखवले. नैराश्य असलेली १२ ते १७ वयाची ४३९ मुलं, १२ आठवडे. फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी आणि सीबीटी दोन्ही मिळालेल्यांत ७१ टक्के सुधारले, नुसत्या औषधावर ६१, नुसत्या सीबीटीवर ४३, खोट्या गोळीवर ३५. मी म्हटलं, मग दोन्ही चालू करा, विषय संपला. डॉक्टर म्हणाल्या, ही उरलेल्या २९ मध्ये निघाली तर? ते तुमच्या कागदावरूनच कळणार. खरं आहे. एकाच ड्रॉइंगचा जॉब दोन मशीनवर लावला तर ऑफसेट, म्हणजे मशीनच्या बारीक दुरुस्त्या, वेगळे लागतात. पहिला पीस काढून मोजल्याशिवाय लॉट कोण सोडतं?

गोळी सुरू केली. या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा २००४ पासून या औषधांवर आहे, म्हणून पहिला महिना दर आठवड्याला चक्कर. फॉर्ममधला नववा प्रश्न त्याच विचारांबद्दल असतो. तिथे एकदा तिने १ लिहिला, तर मॅडमनी त्याच दिवशी आम्हाला बोलावलं. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. फुकट आहे, मराठीत बोलतात.

मध्येच मेहुण्याने जनुकीय चाचणीची जाहिरात पाठवली, 'आपल्या मुलासाठी नेमकं औषध'. डॉक्टरांनी नको सांगितलं. सीवायपी२सी१९ सारख्या जनुकावरून शरीर काही औषधं किती वेगाने संपवतं याचा अंदाज येतो, कोणत्या औषधाने बरं वाटेल ते कळत नाही. अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये मुलांचं औषध निवडायला ही चाचणी वापरू नका म्हटलंय. पैसे वाचले.

आता तक्रारी. फॉर्मचं मराठी पुस्तकी आहे. मुलगी विचारते, "पप्पा, हे असं कोण बोलतं?" त्यासोबतचं ॲप नुसतं इंग्रजीत, आम्ही दोन आठवड्यांत काढून टाकलं. प्रत्येक सेशनचे पैसे खिशातून, माझ्या पॉलिसीत ओपीडी नाही. आणि सगळ्यात मोठा घोळ मीच केला. चौथ्या महिन्यात तिचा कागद तिला न विचारता उघडून पाहिला. पुढच्या आठवड्यात तिन्ही ओळींना २, २, १. मी खूश. मॅडमनी ओळखलं. मीही ओळखायला हवं होतं. शॉपमध्ये तपासणीचा धाक घातला की पोरं जॉबला व्हर्नियर न लावताच रीडिंग लिहितात. तेव्हापासून कागद तिचा, ती सांगेल तेवढंच आम्हाला.

आता फॉर्मवर ६ आहेत. झोपेची ओळ अजून ५ वर, परीक्षेत ७ झाली होती. पाचपैकी चार स्टार देईन, एक ॲपसाठी कापला. बसची ओळ तिने खोडली आणि त्या जागी नवी लिहिली, ती मात्र स्वतःहून दाखवली: 'पप्पा रोज विचारतात, आज किती?' पुढे आकडा ६. गेल्या आठवड्यात ४ वर आणलाय.